थकव्याचा हक्क

'दारू' या शब्दाने मोठा प्रवास केला आहे. फारसीत दारू म्हणजे औषध. उर्दूत आजही 'दवा-दारू' हा जोडशब्द सर्रास वापरतात, आणि मराठीतही एखाद्या आजाऱ्याची दवादारू केली असे म्हटले तर त्याला मद्य पाजले असा अर्थ कोणी घेत नाही. पण हाच शब्द 'दवा'ची सोबत सोडून एकटा आला की डोळ्यांपुढे गुत्ता उभा राहतो, आणि तोफेच्या शेजारी आला की स्फोट आठवतो. इलाज, नशा आणि स्फोट या तिन्ही गोष्टी एकाच शब्दात नांदाव्यात, ही नुसती भाषेची गंमत नव्हे. वस्तू कोणाच्या हाती आणि कोणत्या हेतूने जाते, यावर तिचे नाव ठरते, असेच जणू हा शब्द सांगत असतो.

हे सुचण्याचे कारण म्हणजे कॉलेजच्या मुलामुलींच्या बोलण्यात येणाऱ्या काही गोळ्या. झोप उडवणाऱ्या, लक्ष वाढवणाऱ्या, 'अभ्यासाच्या' गोळ्या. त्यांना कोणी दारू म्हणत नाही. त्या मेडिकलच्या दुकानातल्या असतात, चकचकीत स्ट्रिपमध्ये असतात, त्यांच्यावर कंपनीचे नाव असते. आणि त्या घेणारा मुलगा आपल्या नजरेत वाया गेलेला नसतो. उलट घरादाराच्या आशा ज्याच्यावर आहेत असाच तो मुलगा असतो. म्हणून हा प्रश्न अवघड आहे. गुटख्याविरुद्ध किंवा चरसविरुद्ध भाषण करणे सोपे असते. अभ्यासासाठी घेतलेल्या गोळीविरुद्ध नेमके काय बोलायचे, हे ठरवायला आधी विचार करावा लागतो. तो विचार आपण मिळून करून पाहू.

प्रथम वस्तू समजून घेऊ. काही मुलांचे लक्ष कोणत्याही एका गोष्टीवर ठरत नाही. ती जागेवर बसू शकत नाहीत, सांगितलेले अर्धेच ऐकतात, हातातले काम टाकून दुसऱ्याकडे धावतात. हा त्यांचा दुर्गुण नसतो. मेंदूच्या वाढीतला आणि कामातला तो फरक असतो. वैद्यकशास्त्र त्याला एडीएचडी म्हणते. अशा अनेक मुलांना मिथाइलफेनिडेट किंवा अँफेटामीनच्या जातीची औषधे देतात. मेंदूतल्या डोपामीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलीन या रसायनांचा परिणाम ती वाढवतात आणि भरकटणारे लक्ष थाऱ्यावर येते. मोडाफिनिल नावाचे आणखी एक औषध आहे. दिवसाढवळ्या अनावर झोप येण्याचा जो आजार असतो, त्याच्यासाठी ते आहे. अमेरिकेत त्याला १९९८ मध्ये मान्यता मिळाली. ही सारी खरी औषधे आहेत आणि खऱ्या आजारांवर ती उपयोगी पडतात. हे सुरुवातीलाच स्पष्ट सांगायला हवे. पुढचे वाचून एखाद्या आईने डॉक्टरांनी आपल्या मुलाला दिलेली गोळी बंद करावी, असे होता कामा नये.

या औषधांचा इतिहास पाहिला तर इलाज आणि गैरवापर ही जुळी भावंडे वाटतात. १९३७ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३० मुलांना बेंझेड्रीन नावाचे अँफेटामीन दिले. त्यांतली बरीच मुले शांत होऊन अभ्यासाला लागली, असे त्यांनी प्रसिद्ध केले. त्याच सुमारास मिनेसोटा विद्यापीठात मानसशास्त्राच्या प्रयोगांसाठी हेच बेंझेड्रीन विद्यार्थ्यांना दिले गेले होते. याने झोप उडते ही बातमी पसरली आणि परीक्षेच्या तोंडावर धडधाकट मुले ते औषधाच्या दुकानांतून घेऊ लागली. म्हणजे ज्याला आपण मोबाइलच्या पिढीचा रोग समजतो, तो आपल्या आजोबांच्या वयाचा आहे.

त्यानंतर दुसरे महायुद्ध झाले. जर्मन, ब्रिटिश, अमेरिकन, जपानी अशा परस्परांच्या शत्रू सैन्यांनी या जातीच्या गोळ्या आपापल्या सैनिकांना वाटल्या. वैमानिकाने रात्रभर जागावे, पायदळाने न थांबता चालावे, हा हेतू. युद्ध संपल्यावर जपानमध्ये या गोळ्यांचे व्यसन इतके फैलावले की १९५१ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. दरम्यान १९४४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लिआंद्रो पानिझॉन या रसायनशास्त्रज्ञाने मिथाइलफेनिडेट तयार केले होते. पत्नीच्या रीटा या लाडक्या नावावरून त्याला रिटालिन हे नाव मिळाले. १९७१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारात ही दोन्ही द्रव्ये कडक नियंत्रणाच्या यादीत गेली. आपल्याकडच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या यादीतही ती आहेत. १९९६ मध्ये अमेरिकेत अ‍ॅडरॉल नावाची अँफेटामीनची गोळी आली आणि तिथल्या कॉलेजांत पुढे हेच नाव परीक्षेच्या मोसमात सर्वांच्या तोंडी झाले.

युद्धाची हकिकत आम्ही मुद्दाम सांगितली. सैनिकाचा थकवा सर्वांत जास्त कोणाला अडचणीचा वाटत होता? सेनापतीला. थकलेला शिपाई आडवा पडून झोपला असता. गोळी शिपायाच्या पोटात गेली, पण गरज नकाशावर बोट ठेवणाऱ्याची होती. विद्यार्थ्याच्या बाबतीत हा सेनापती कोण, याकडे आपल्याला नंतर वळायचे आहे.

अमेरिकेत या विषयावर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत पुष्कळ पाहण्या झाल्या. त्यांत दोन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसल्या. एक, ही गोळी बहुतेकदा अंधाऱ्या गल्लीतल्या विक्रेत्याकडून येत नाही, मित्राकडून येते. ज्याला डॉक्टरांनी ती रीतसर दिली आहे तो आपल्यातल्या दोन-चार देतो, कधी दोस्तीखातर, कधी पैसे घेऊन. दुसरी गोष्ट अशी की, घेणारे विद्यार्थी बहुधा पहिल्या बाकावरचे नसतात. तासांना दांड्या, मागे पडलेला अभ्यास, तुलनेने कमी गुण, ही त्यांची खूण. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेल्या माणसाची ती कुदळ आहे.

आता नैतिक प्रश्नाकडे येऊ. पहिला आक्षेप असा घेतला जातो की ही फसवणूक आहे. धावपटूने उत्तेजक घेतले तर त्याचे पदक काढून घेतात, मग विद्यार्थ्याचे काय? २०११ मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने चिठ्ठीशिवाय अशी औषधे घेऊन अभ्यास करणे हे कॉपीसारखेच गैरवर्तन ठरवले. याच्या उलट बाजूनेही विद्वान बोलले. २००८ च्या डिसेंबरात 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात काही शास्त्रज्ञ आणि कायदेपंडितांनी लेख लिहून निरोगी माणसांनाही अशी औषधे जबाबदारीने वापरू द्यावीत, असे मांडले. त्याच वर्षी त्याच साप्ताहिकाने आपल्या वाचकांना विचारले होते. ६० देशांतल्या १४०० जणांनी उत्तरे दिली, आणि पाचांतल्या एकाने आपण आजारासाठी नव्हे तर बुद्धीला धार यावी म्हणून अशी औषधे घेतल्याचे सांगितले. मुलांना दोष देण्याआधी हे लक्षात ठेवलेले बरे, कारण त्या वाचकांत पुष्कळ संशोधक होते.

फसवणुकीचा आक्षेप आम्हाला पुरेसा वाटत नाही. ज्याच्या घरी वेगळी खोली आहे, दीड-दोन लाखांचा क्लास आहे, आणि ज्याच्या घरी एकाच खोलीत सहा माणसे आणि एक टीव्ही आहे, त्यांची स्पर्धा गोळी नसतानाही बरोबरीची कुठे असते? शिवाय फसवणूक ठरायला काही फायदा तरी पदरात पडायला हवा. २०१३ मध्ये अमेरिकेत ४६ निरोगी तरुणांवर झालेल्या एका प्रयोगात अँफेटामीनने स्मरणशक्ती किंवा बुद्धीत फारसा फरक पडला नाही. मात्र ज्यांनी खरी गोळी घेतली होती, त्यांना आपले काम अधिक चांगले झाले असे वाटत होते. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ४० निरोगी माणसांना एक कोडे सोडवायला दिले. पोत्याची वजनाची मर्यादा ठरलेली, आणि त्यात जास्तीत जास्त किमतीचे सामान बसवायचे. गोळी घेतलेल्यांनी जास्त वेळ दिला, जास्त उलथापालथ केली, पण त्या मेहनतीचा कस उतरला. जे गोळीविना सरासरीपेक्षा सरस होते, ते गोळी घेतल्यावर सरासरीच्या खाली घसरल्याचे दिसले. कष्ट वाढले आणि समज घटली. शिक्षक म्हणून आम्हाला हा निष्कर्ष ओळखीचा वाटतो. पाठांतराने वह्या भरणारा पण उदाहरण जरा फिरवून घातले की अडणारा विद्यार्थी आम्ही रोज पाहतो.

पण उद्या खरोखर बुद्धी वाढवणारी गोळी निघाली तर? मग ती घ्यावी का? 'उपयोग होत नाही म्हणून घेऊ नका' हे व्यवहाराचे उत्तर झाले. नीतीचे उत्तर अजून द्यायचे आहे.

दुसरा आक्षेप नशेचा. आपल्या समाजात हा चटकन घेतला जातो, आणि तिथे आपल्याच इतिहासातली एक हकिकत उपयोगी पडते. पंधराव्या शतकात येमेनमधले सूफी रात्रीच्या जिक्रसाठी जाग यावी म्हणून कहवा, म्हणजे कॉफी, पीत असत. तिथून ती मक्केत आली आणि वाद पेटला. १५११ साली मक्केचा अधिकारी खैर बेग याने उलेमा आणि हकीम बोलावून कॉफी निषिद्ध ठरवली, तिचा साठा जाळला. पण बंदी फार टिकली नाही, काहिऱ्याहून ती लवकरच सैल करण्यात आली. पुढे १५५८ मध्ये अब्दुल कादिर अल-जझीरी यांनी कॉफीच्या बाजूने ग्रंथ लिहिला. वादाचा निकाल कॉफीच्या बाजूने लागला, कारण लोकांनी पाहिले की कहवा पिणाऱ्याची अक्कल जात नाही. तो नमाज विसरत नाही, शेजाऱ्याशी भांडत नाही. म्हणून आज इफ्तारनंतरचा चहा-कॉफीचा पेला आपण बिनदिक्कत उचलतो.

यातून एक धडा मिळतो. केवळ जाग आणते किंवा केवळ नवी आहे, म्हणून एखादी वस्तू वाईट ठरत नाही. ती माणसाचे काय करते हे पाहावे लागते. चहाने जागणारा मुलगा रात्री दोनला पेंगतोच. चहा थकव्याशी वाटाघाट करतो, आणि शेवटी थकवाच जिंकतो. या गोळ्यांचे तसे नाही. त्या भूक मारतात, नाडी आणि रक्तदाब वाढवतात, झोप उडवतात. काहींना त्यांची सवय लागते, काहींचे मन बेचैन होते, आणि क्वचित एखाद्याला भास आणि संशयाने घेरण्यापर्यंत मजल जाते. वाचलेले मनात पक्के बसण्याचे बरेचसे काम झोपेत होते, आणि अभ्यासासाठी घेतलेली गोळी पहिला घाव तिथेच घालते.

तरीही नुसत्या नुकसानीवर नीती उभी राहत नाही. आमच्या मते या गोळीचा दोष तीन ठिकाणी आहे.

पहिला दोष खोटेपणाचा. गोळी डॉक्टरांकडून मिळवायची तर नसलेला आजार सांगावा लागतो. मित्राकडून घ्यायची तर त्या मित्राला डॉक्टरांच्या विश्वासाशी बेइमानी करावी लागते. दोस्तीच्या नावाने तो जे देतो, ते त्याचे स्वतःचे नसतेच. त्याच्या वजनाचा, त्याच्या हृदयाचा, त्याच्या आजाराचा विचार करून डॉक्टरांनी ते फक्त त्याला दिलेले असते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या वर्गातल्या सर्व औषधांवरचा ठळक इशारा नव्याने लिहायला लावला, आणि औषध दुसऱ्याला देण्याचा धोका त्यात स्पष्टपणे आला. ज्यांना मित्र मिळत नाही ते अनोळखी माणसाकडून घेतात. त्यांची गत आणखी वाईट. मे २०२२ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठाचे दोन विद्यार्थी मरण पावले. त्या वेळी विद्यापीठाने इशारा दिला की अ‍ॅडरॉलसारख्या दिसणाऱ्या बनावट गोळ्या फिरत आहेत आणि त्यांत फेंटॅनिल हे जीवघेणे द्रव्य असू शकते. अभ्यास करायचा म्हणून घेतलेली गोळी आणि हाती आलेला मृत्यू. यावर आणखी काय लिहावे?

दुसरा दोष दुसऱ्याच्या हक्काचा, ज्याला आपण हुकूकुल-इबाद म्हणतो. २०२२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत अ‍ॅडरॉलची टंचाई जाहीर झाली. उत्पादनातल्या अडचणी आणि वाढलेली मागणी ही त्याची कारणे होती. चोरून घेणाऱ्या विद्यार्थ्यांवर त्याचे सारे खापर फोडता येणार नाही. पण ज्यांचा दिवस त्या गोळीवर उभा आहे असे रुग्ण त्या दिवसांत दुकानामागून दुकाने फिरत होते, आणि त्याच वेळी कुठल्यातरी होस्टेलमध्ये एक धडधाकट मुलगा तीच गोळी एका पेपरासाठी गिळत होता, हे चित्र समोर ठेवले की गोष्ट खाजगी राहत नाही. त्याहून वाईट परिणाम संशयाचा. गैरवापर वाढला की नियम कडक होतात, आणि मग खऱ्या आजाऱ्याकडेही चोर म्हणून पाहिले जाते.

तिसरा दोष आम्हाला सर्वांत खोल वाटतो. तो थकव्याविषयी आहे. बुखारी शरीफमध्ये एक प्रसंग येतो. पैगंबर मुहम्मद (स.) मशिदीत आले तेव्हा दोन खांबांमध्ये एक दोरी बांधलेली दिसली. ही कशासाठी, असे त्यांनी विचारले. उत्तर मिळाले की हजरत जैनब (र.) यांची आहे, नमाज पढता पढता थकल्या की त्या हिच्या आधाराने उभ्या राहतात. पैगंबरांनी ती दोरी सोडायला सांगितली. अंगात उमेद असेपर्यंत नमाज पढावी आणि थकल्यावर बसावे, असे त्यांनी समजावले. रोज रोजा आणि रात्रभर इबादत करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांनाही त्यांनी आठवण दिली होती की तुमच्या शरीराचा तुमच्यावर हक्क आहे.

या प्रसंगात विशेष काय आहे ते पाहा. ज्या कामासाठी दोरी बांधली ते काम वाईट नव्हते. ती बांधणारी व्यक्ती आळशी नव्हती आणि ढोंगीही नव्हती. दोरीत नशा नव्हती, कोणाची फसवणूक नव्हती. तरीही ती सोडायला सांगितली. इबादतीसारख्या कामासाठी जर शरीराला दोरीने टांगून ठेवायचे नाही, तर भौतिकशास्त्राच्या पेपरासाठी कसे ठेवायचे? गोळी म्हणजे आतून बांधलेली दोरी. बाहेरची दोरी निदान दिसते, कोणीतरी विचारते की ही कशाला. आतली कोणाला दिसत नाही.

कोणी म्हणेल, मग रोजाचे काय? तिथेही आपण शरीराला भाग पाडतोच. पण रोजा भुकेला मारत नाही. भूक पूर्ण जागी असते, आपण तिला थांब म्हणतो, आणि मगरिबची अजान झाली की तिचा हक्क तिला देतो. इफ्तार न करता रोजाला रोजा जोडत जाण्याची आपल्याला मनाई आहे. संयम आणि बधिरता यांत हाच फरक आहे. संयमी माणसाला आपली भूक, आपली झोप कळत असते. बधिर माणसाला ती कळतच नाही, म्हणून तिच्यावर मात केल्याचे श्रेयही त्याचे नसते.

एक जबरदस्त आक्षेप अजून उरतो, आणि तो टाळणे बरे नाही. पॉल एर्दोश हे हंगेरीत जन्मलेले विसाव्या शतकातले थोर गणिती. ते अनेक वर्षे अँफेटामीन आणि रिटालिन घेत असत. १९७९ मध्ये त्यांचे मित्र, गणिती रोनाल्ड ग्रॅहम यांनी त्यांच्याशी ५०० डॉलरची पैज लावली की महिनाभर या गोळ्या सोडून दाखवा. एर्दोश यांनी पैज जिंकली. पण त्या महिन्यात कोऱ्या कागदाकडे बघत बसावे लागले, काही सुचले नाही, तुझ्यामुळे गणित एक महिना मागे पडले, अशी तक्रार त्यांनी केली आणि गोळ्या पुन्हा सुरू केल्या. १९९६ मध्ये ८३ व्या वर्षी ते वारले, शेवटपर्यंत गणित करत. मग गोळीने जगाचे भलेच केले, असे म्हणायचे का?

आम्हाला या गोष्टीत जिंकलेल्या पैजेपेक्षा तो कोरा कागद जास्त बोलका वाटतो. एर्दोश यांची प्रतिभा गोळीतून आलेली नव्हती. लहानपणापासून ते अंकांशी खेळत होते. पण वर्षानुवर्षांच्या सवयीनंतर अशी वेळ आली की ती प्रतिभा स्वतःचीच आहे, हे त्यांना गोळीशिवाय जाणवेना. एवढ्या मोठ्या माणसाचे हे झाले. अठरा वर्षांच्या मुलाला तर आपल्यात काय आहे हे अजून कळायचेच असते. गोळी घेऊन पास झाला तर यश गोळीचे, नापास झाला तर दोष माझा, असा हिशेब त्याच्या मनात बसतो. पुढच्या परीक्षेला तो स्वतःवर विसंबून बसूच शकत नाही. शिक्षणाने मुलाला जी गोष्ट द्यायची असते ती म्हणजे स्वतःवरचा भरवसा, आणि नेमकी तीच इथे काढून घेतली जाते.

आता त्या सेनापतीच्या प्रश्नाकडे येऊ. हा विषय अमेरिकेचा म्हणून आपण सुटत नाही. परदेशातले विद्यार्थी इंटरनेटवरून जे मोडाफिनिल मागवत, त्यातले बरेचसे भारतातल्या कारखान्यांत बनलेले असे. आणि ज्या दबावातून ही मागणी जन्मते, तो आपल्याकडे कमी आहे काय? २०२४ च्या 'नीट'ला २३ लाखांहून अधिक मुले बसली, आणि एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. त्याच वर्षी पेपरफुटीचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ज्या रांगेत वीसपैकी एकालाच आत घेणार, त्या रांगेतल्या बाकीच्या एकोणीस जणांना आम्ही काय सांगतो? आणखी जाग, आणखी वाच, झोपून कोणी डॉक्टर झाला आहे का?

आमच्या उर्दू माध्यमाच्या मुलांवर हा भार दुहेरी पडतो. दहावीपर्यंत ज्याने 'खलिया' शिकले, त्याला अकरावी सायन्सला पहिल्याच दिवशी 'सेल' भेटतो. 'कुव्वत'ची 'फोर्स' होते, 'तवानाई'ची 'एनर्जी' होते. त्याला विषय येत असतो, पण आपल्याला येतो हे त्याचे त्यालाच ओळखता येत नाही. दुसरा मुलगा एका तासात वाचतो ते पान याला अडीच तास घेते. तो दीड तास कुठून आणायचा? झोपेतून. इथे जर कोणी त्याच्या हातावर गोळी ठेवली, तर ती त्याला नशा वाटणार नाही, न्याय वाटेल. आपल्याला हे समजून घ्यावे लागेल. अशा मुलाला नुसते 'हराम आहे' म्हणून हाकलणे म्हणजे त्याच्या पायातला काटा न काढता त्याच्या लंगडण्यावर रागावणे होय.

काटा काढायचा तर काही साध्या गोष्टी कराव्या लागतील. आठवी-नववीपासूनच शास्त्राच्या तासाला उर्दू शब्दाशेजारी इंग्रजी शब्द फळ्यावर लिहायला हवा. त्याला कोणत्याही सरकारी हुकमाची गरज नाही, खडू पुरतो. मोहल्ल्यातल्या ज्या मुलामुलींनी हा पूल ओलांडला आहे, त्यांनी सुट्टीत येऊन खालच्यांना महिनाभर शिकवावे. अम्मी-अब्बांनी 'किती वाजेपर्यंत जागलास' हे विचारण्याऐवजी 'किती वाजता झोपलास' हे विचारावे. शब्द तेवढेच लागतात, पण मुलाला घरात कशाची किंमत आहे ते कळते. आणि वैद्यकीय शिक्षणाखेरीज जगात इज्जतीची इतर कामे आहेत, हे दावतींत, लग्नांत, सर्वांसमोर बोलून दाखवावे. सेनापतीची जागा आपणच अडवून बसलो असू, तर तिथून उठण्याचा हाच मार्ग आहे.

याची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची. आपल्या प्रत्येक वर्गात एखादा असा मुलगा असतो की ज्याला सारे 'शैतान' म्हणतात. तो मार खातो, वर्गाबाहेर उभा राहतो, आणि सातवी-आठवीत शाळा सोडून गॅरेजमध्ये लागतो. त्याच्यापैकी काहींना खरोखर एडीएचडी असतो. त्याला कोणी डॉक्टरांकडे नेत नाही, कारण 'मेंदूची गोळी' म्हटले की घरचे घाबरतात, लोक काय म्हणतील याची धास्ती घेतात. ज्याला दवा हवी त्याला ती आपण दारू समजून नाकारतो, आणि ज्याला ती नको, त्याने ती चोरून घेतली तर दवा समजून डोळेझाक करतो. या दोन्ही चुकांचे मूळ एकच आहे: मुलाकडे न पाहता त्याच्या गुणपत्रिकेकडे पाहणे. शांत बसत नाही म्हणून पहिला नापसंत, आणि रात्रभर बसतो म्हणून दुसरा लाडका. त्या रात्रभर बसण्यामागे काय आहे, हे विचारायला कोणी जात नाही.

तर वाचकहो, कॉलेजातल्या आपल्या मुलांना सांगायचे ते थोडक्यात असे. डॉक्टरांनी तपासून दिलेली गोळी लाजेची नाही, ती वेळेवर घ्यावी आणि कोणालाही देऊ नये, सख्ख्या भावालाही नाही. न तपासता घेतलेली गोळी कितीही नेक कामासाठी असो, ती आतली दोरी आहे. ज्याने ती सुरू केली आहे त्याने लपवू नये, आणि आपण ऐकताच हात उगारू नये. मनोविकारतज्ज्ञाकडे त्याला घेऊन जाणे, तेही त्याच्यासोबत बसून, हे वडीलधाऱ्यांचे काम आहे.

आणि परीक्षेच्या आदल्या रात्री पुस्तकावर मान टाकून झोपी गेलेला मुलगा दिसला, तर त्याला हलवून उठवू नये. पुस्तक बाजूला ठेवावे, दिवा मालवावा आणि त्याच्या अंगावर चादर घालावी. त्याच्या शरीराने आपला हक्क मागितला आहे. फजरला त्याला आपण उठवूच.